रायफलला नवा दस्ता बसवला आणि नेम विस्कटला (रेमिंग्टन ७००, .२४३)

उत्तरसरोवर
नमस्कार मंडळी. मी मिनेसोटात, डुलुथजवळ राहतो. नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जाणारे आपल्यातले तीन-चार जण इथे लिहितात हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून इंग्रजी फोरमवर जाण्याआधी इथे विचारतोय.

शेजारच्या आजोबांनी वयोमानामुळे शिकार सोडली. त्यांची रायफल मी रीतसर विकत घेतली. रेमिंग्टन ७००, शॉर्ट ॲक्शन (ॲक्शन म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो मधला पोलादी भाग, इथे आखूड जातीचा), .२४३ विंचेस्टर काडतुसाची. ही रायफल बायकोसाठी आहे. तिने गेल्या वर्षी इथला शस्त्रसुरक्षेचा कोर्स पूर्ण केला आणि येत्या हंगामात तिला माझ्याबरोबर यायचं आहे. .२४३ चा धक्का सौम्य असतो आणि हरणाला पुरतो, म्हणून हीच निवडली.

तिची उंची पाच फूट एक इंच. मूळचा दस्ता, म्हणजे रायफलचा लाकडी भाग, चापापासून मागच्या पॅडपर्यंत साधारण साडेतेरा इंच. थंडीचं जाड जॅकेट घातलं की तिला मान ताणून दुर्बिणीपर्यंत जावं लागतं आणि रायफल खांद्यावर घेताना पॅड काखेत अडकतो. म्हणून लॅमिनेटेड लाकडाचा, आतली खाच आधीच कोरलेला तयार दस्ता मागवला. दस्ता म्हणजे कायद्याने शस्त्र नव्हे, त्यामुळे तो साध्या पार्सलने घरी आला.

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवली, बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) काढला, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) बोटाने आणि डोळ्याने तपासलं. खालचे दोन स्क्रू काढून जुना दस्ता बाजूला केला, ॲक्शन नव्यात ठेवली, स्क्रू आवळले. पाऊण तासाचं काम. दिसायला फार सुंदर झाली.

आता अडचण. जुन्या दस्त्यात १०० यार्डांवर तीन गोळ्या सव्वा इंचात जायच्या. नव्यात तीन ते साडेतीन इंच, आणि त्याही उभ्या रेषेत पसरलेल्या. काडतुसं तीच, दुर्बिणीला हात लावलेला नाही, टेकूवरून शांतपणे झाडल्या. ज्या रायफलवर मलाच भरवसा नाही ती बायकोच्या हातात देऊन जंगलात जाणं मला पटत नाही. जखमी जनावर झाडीत निघून जाणं ही माझ्यासाठी फार मोठी चूक आहे. काय चुकलं असेल?

टेक्सासवासी
उत्तरसरोवर, आधी दोन साध्या गोष्टी सांगा. नळी दस्त्याच्या पुढच्या भागाला कुठे टेकते आहे का? एक डॉलरची नोट नळी आणि लाकडाच्या मध्ये घालून मागे ॲक्शनपर्यंत सरकवून बघा. अडली तर तिथे नळी लाकडाला लागते आहे. नळी तापली की तिचा दाब बदलतो आणि गोळ्या चढत किंवा सरकत जातात. दुसरं, स्क्रू किती आवळले?

उत्तरसरोवर
नोट सहज जाते, दुहेरी घडी केली तरी जाते. स्क्रू हाताने, साध्या ॲलन कीने आवळले. टॉर्क रेंच वापरला नाही.

माळरान
माझ्या मते अजून घट्ट आवळा. धक्क्याने ॲक्शन आत हलत असेल. मी माझ्या एअरगनचं असंच केलं होतं, फरक पडला होता.

टेक्सासवासी
माळरान, राग मानू नका, पण सेंटर-फायर, म्हणजे खरं शिकारी काडतूस झाडणाऱ्या रायफलला हा सल्ला धोक्याचा आहे. ७०० चे स्क्रू पाव इंची, इंचाला २८ आटे. ॲल्युमिनियमचे पिलर (स्क्रूभोवतीच्या नळ्या) असलेल्या दस्त्याला ६५ इंच-पाउंड म्हणजे सुमारे ७.३ न्यूटन मीटर ही सर्वमान्य मर्यादा. नुसत्या लाकडाला त्याच्या निम्मं किंवा थोडं जास्त, ३५ ते ४० इंच-पाउंड. गाडीच्या चाकांचा फूट-पाउंडवाला रेंच इथे चुकूनही लावू नका. आणि पिलर नसलेल्या लाकडात जास्त आवळलं की लाकूड दबतं, महिन्याभराने स्क्रू पुन्हा सैल. परत आवळा, परत दबतं.

या दस्त्यात पिलर आहेत का?

उत्तरसरोवर
नाहीत. नुसतं लाकूड आहे.

भोसरीचा_फिटर
मी रायफलवाला नाही हे आधीच सांगतो. कॉलेजात एनसीसीमध्ये .२२ ची काही काडतुसं झाडली, तेवढाच संबंध. पण एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत आणि हा प्रश्न मला ओळखीचा वाटतो.

पातळ, लांब जॉब मशीनच्या बेडवर ठेवला, खाली एका जागी बारीकशी चिप अडकली आणि वरून क्लॅम्प आवळला, तर जॉब बेडला बसल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो वाकलेला असतो. मशिनिंग करा, क्लॅम्प सोडा, जॉब केळ्यासारखा. आमचे उस्ताद नव्या पोराला पहिल्या आठवड्यात एवढंच शिकवायचे की आवळण्याने जॉब बसत नाही, तो आधी बसलेला असावा लागतो. क्लॅम्पने तो फक्त धरायचा.

तुमची ॲक्शन म्हणजे तो जॉब. दस्ता म्हणजे बेड. दोन स्क्रू म्हणजे दोन क्लॅम्प. तर मला सांगा, ॲक्शनचा तळ कसा आहे, सपाट की गोल? ती नेमकी कुठे टेकते? आणि वरची ॲक्शन आणि खालचा चापाचा कडा (चापाभोवतीची कमान) यांच्यामध्ये स्क्रूंच्या दरम्यान आणखी कुठला भाग दाबला जातो का?

डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) असेल तर ही टेस्ट करा. दस्त्याच्या पुढच्या टोकाला चुंबकीय बेस लागणार नाही, छोट्या क्लॅम्पने डायल बांधा. टोक नळीवर टेकवा, काटा शून्यावर आणा. रायफल उभी धरून पुढचा स्क्रू हळूहळू ढिला करा. काटा जागेवरून फार हलला तर ॲक्शन वाकवून बसवली आहे असं समजा.

टेक्सासवासी
काका, रायफलवाला नाही म्हणता आणि बरोबर मुळाशी गेलात. इथले गनस्मिथ हीच टेस्ट करतात. दोन-तीन थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.०५ ते ०.०८ मिलिमीटरपर्यंत हललं तर चालतं. त्यापेक्षा जास्त असेल तर बेडिंग हवं, म्हणजे ॲक्शनखाली इपॉक्सी भरून तिची तंतोतंत बैठक करायची.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं: रेमिंग्टन ७०० ची ॲक्शन गोल आहे, नळकांडीसारखी. १९६२ मध्ये हे मॉडेल आलं तेव्हापासून तशीच आहे. गोल ॲक्शन बनवायला सोपी आणि तिच्यासाठी बाजारात भरपूर दस्ते मिळतात. पण गोल वस्तू लाकडाच्या खाचेत पिळवटायलाही सोपी. धक्का झेलायला नळी आणि ॲक्शनच्या मध्ये वॉशरसारखी जाड पोलादी चकती असते, तिचा एक भाग खाली लोंबतो. त्याला रिकॉइल लग म्हणतात. त्याची मागची बाजू लाकडाला घट्ट टेकलेली हवी, बाकीच्या बाजू मोकळ्या.

आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाने मला मॅगझिनचा, म्हणजे काडतुसं राहतात तो, पत्र्याचा डबा आठवला! उत्तरसरोवर, स्क्रू पूर्ण आवळलेले असताना मॅगझिनच्या डब्यात बोट घालून तो वरखाली हलवून बघा. किंचित खडखडला पाहिजे. हलत नसेल तर चोर सापडला.

उत्तरसरोवर
आत्ताच तळघरात जाऊन बघून आलो. डबा अजिबात हलत नाही. जणू वेल्डिंग केलाय.

डायल गेज ऑफिसातल्या मित्राकडून उद्या मिळेल.

रंकाळा
वाचते आहे. डब्याचं जे व्हायचं ते होऊ दे, पण ज्या कारणासाठी दस्ता बदलला त्याबद्दल थोडं लिहू का? मी कोल्हापूरची, ५० मीटर थ्री पोझिशन खेळत होते. आमच्याकडे .२२ च्या बोल्ट-ॲक्शन मॅच रायफली असतात आणि दस्ता हा खेळाडूच्या शरीराप्रमाणे जुळवणं हा सरावाचाच भाग असतो. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, तिन्ही पोझिशनला गालपट्टी आणि मागची प्लेट वेगळ्या मापाला येते. आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये याच प्रकारात ब्राँझ आणलं, तेव्हा टीव्हीवर ती रायफल बघून लोक मला विचारत होते की एवढे स्क्रू आणि रॉड कशाला. त्याचं उत्तर एवढंच की शरीराने रायफलकडे जायचं नाही, रायफल शरीराकडे आली पाहिजे.

वहिनींचं माप असं घ्या. त्यांना शिकारीचं तेच जाड जॅकेट घालायला लावा. रायफल रिकामी, बोल्ट काढलेला. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल आरामात टेकवायचा, मग डोळे उघडायचे. दुर्बिणीतलं चित्र पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कडेला काळी सावली दिसली तर दस्त्याची लांबी किंवा दुर्बिणीची मागची-पुढची जागा चुकते आहे. मान उचलूनच चित्र दिसत असेल तर गालपट्टी खाली आहे. नाक आणि चाप ओढणाऱ्या हाताचा अंगठा यांच्यात दोन बोटांचं अंतर राहिलं की लांबी ढोबळमानाने बरोबर. कोपरात दस्ता धरून मोजायची जी जुनी रीत आहे तिच्यावर मी विसंबणार नाही, कारण हात लांब आणि मान आखूड अशी माणसं असतात.

हे पाच-सहा वेळा करा. पहिल्या वेळी माणूस मुद्दाम नीट उभं राहतं, खरं माप तिसऱ्या-चौथ्या वेळेला कळतं.

उत्तरसरोवर
ताई, फार उपयोगी. जॅकेट घालून आठ वेळा केलं. तिची लांबी साडेबारा इंच येते आहे, आणि गाल साधारण अर्धा इंच वर हवा.

टेक्सासवासी
लांबी कापताना चापाच्या पुढच्या बाजूपासून पॅडच्या मध्यापर्यंत मोजा आणि पॅडची जाडी वजा करा. साडेबारा हवे आणि पॅड एक इंची, तर लाकूड साडेअकरावर कापायचं. मी एका मित्राच्या मुलाचा दस्ता कापताना हे उलटं केलं, एक इंच लांब राहिला म्हणून निभावलं. आखूड कापला असता तर लाकूड परत आलं नसतं. कापायच्या रेषेभोवती मास्किंग टेप गुंडाळा, बारीक दात्यांची करवत वापरा, नाहीतर लॅमिनेटचे पापुद्रे उडतात.

विदर्भी_मामा
विषय निघाला म्हणून विचारतो. वडिलांच्या नावावर .३१५ आहे, ईशापूरची. आजोबांपासून घरात. मागचा दस्ता मनगटापाशी, म्हणजे मुठीने धरतो त्या जागी, हलतो. अशा रायफलला बाहेरून नवा दस्ता बसतो का? भोसरीचे काका, तुम्ही करून द्याल का?

भोसरीचा_फिटर
मामा, मी हात लावणार नाही आणि तुम्हीही लावू नका. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्तीसुद्धा परवान्याचं काम आहे. शस्त्रांचं दुकान असलेल्या परवानाधारक कारागिराकडे वडिलांना स्वतः, त्यांच्या परवान्यासकट जाऊ द्या. मला जमेल की नाही हा प्रश्नच नाही, मला अधिकार नाही.

टेक्सासवासी
मामांसाठी माहिती म्हणून. ईशापूरची .३१५ ली-एनफिल्डच्या घराण्यातली आहे. .३०३ हे लष्करी काडतूस म्हणून सामान्य माणसाला बंद होतं, त्यामुळे जुन्या ८ बाय ५० मॅनलिखर काडतुसावरून .३१५ आलं. या रायफलीचं लाकूड एकसंध नसतं. पुढचा भाग वेगळा, मागचा दस्ता वेगळा, आणि मागचा भाग आतून जाणाऱ्या एका लांब बोल्टने पोलादी सॉकेटमध्ये ओढलेला असतो. पॅडच्या प्लेटमधलं झाकण उघडलं की खोलवर त्या बोल्टचं डोकं असतं.

यातली एक गोष्ट कारागिराला जरूर विचारा. एनफिल्डच्या नंबर १ मार्क ३ मध्ये त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता मागून बोल्ट फिरवला की पुढच्या लाकडाला मागच्या टोकाशी चीर जाते. जुन्या एनफिल्ड मी पाहिल्या त्यातल्या बऱ्याच जणींना ही चीर होती. आणि एनफिल्डचे मागचे दस्ते सैन्यात एकाच मापाचे नव्हते. बँटम, शॉर्ट, नॉर्मल, लाँग असे चार प्रकार होते. शंभर वर्षांपूर्वी शिपायाच्या हाताची लांबी बघून दस्ता दिला जायचा हे मला नेहमी ग्रेट वाटतं.

विदर्भी_मामा
धन्यवाद दोघांनाही. चीर आहे! कुणीतरी पूर्वी मागून पिळलेलं दिसतं. वडिलांना घेऊन नागपूरला जातो.

नवाकोरा_एच१बी
मी मिशिगनमध्ये, एच-१बी वर. हा धागा वाचून मलाही शिकायची इच्छा झाली. रायफल घेता येते का?

उत्तरसरोवर
थांबा, आधी वकिलाशी बोला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायलाच मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यात राज्याचा वैध शिकार परवाना हा एक. ग्रीन कार्डधारकांना ती मनाई लागू होत नाही. मित्राची रायफल रेंजवर दोन मिनिटं हातात घेणंसुद्धा बाळगण्यात मोडू शकतं हे आपल्या लोकांना माहीत नसतं आणि उत्साहात फोटो टाकतात. इमिग्रेशनचा प्रश्न आहे, फोरमवरच्या माझ्यासारख्याच्या शब्दावर जाऊ नका. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत सहा वर्षं थांबलो.

उत्तरसरोवर
डायलचा निकाल आला. पुढचा स्क्रू ढिला केल्यावर काटा ०.३६ मिलिमीटर हलला. चौदा थाउ! काका, जॉब केळंच झालं होतं.

कारणही नीट समजलं. नव्या दस्त्यात खालच्या कड्याची खाच मूळ दस्त्यापेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर खोल कोरलेली आहे. त्यामुळे खालचा कडा ॲक्शनच्या जास्त जवळ जातो आणि मॅगझिनचा डबा दोघांच्या मध्ये चिरडतो. ॲक्शन लाकडावर बसतच नव्हती, पत्र्याच्या डब्यावर बसत होती. मी जितका आवळत होतो तितकी ती डब्यावरून वाकत होती. माळरान यांचा सल्ला मी खरं तर आधीच पाळला होता, तिथेच बिघडलं.

आता डब्याची खालची कड घासून कमी करू का?

भोसरीचा_फिटर
घासू नका. बरोबर असलेला पार्ट चुकीच्या पार्टला जुळवायला घासायचा नसतो. उद्या मूळ दस्ता परत लावायचा झाला तर डबा आखूड पडेल. अंतर दुरुस्त करा. तुम्ही पिलर म्हणता ते म्हणजे स्क्रूभोवतीच्या नळ्या ना? मग पिलरची लांबी हीच तुमची डिस्टन्स पीस. मूळ दस्त्यात ॲक्शन आणि कड्यामधलं अंतर मोजा आणि त्या मापाचे पिलर टर्न करून घ्या. पुढचा आणि मागचा वेगवेगळा मोजा, सारखे असतील असं गृहीत धरू नका. वरचं तोंड गोल ॲक्शनला बसेल असं अवतल करता आलं तर उत्तम, नाहीतर सपाट ठेवून इपॉक्सीने भरा.

टेक्सासवासी
पूर्ण सहमत. पिलर आणि बेडिंग एकदमच करा. आणि पिलर बसल्यावर स्क्रूची लांबी परत तपासा. पुढचा स्क्रू लांब झाला तर त्याचं टोक बोल्टच्या लगच्या (कुलूप लावणाऱ्या दातांच्या) वाटेत येतं आणि बोल्ट बंद होताना अडतो. मागचा लांब झाला तर बोल्ट घासत जातो. एकेक स्क्रू काढून बोल्ट चालवून बघा, कुठला अडवतो ते लगेच कळतं.

आणखी एक, ॲक्शन बाहेर आहे तोवर चाप कुठला आहे ते बघून घ्या. एक्स-मार्क प्रो जातीचे जे चाप १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनले, ते कंपनीने २०१४ मध्ये परत मागवले होते. जोडणीतला चिकट द्राव जास्त लागल्याने चाप न ओढता गोळी सुटण्याची शक्यता होती. जुनी रायफल घेतली आहे तर हे गनस्मिथकडून तपासल्याशिवाय वहिनींच्या हातात देऊ नका. नेमाच्या आधी हे.

उत्तरसरोवर
तारीख बघितली, रायफल त्याच्या बरीच आधीची आहे. तरीही गनस्मिथकडे चाप दिला आणि तपासून आणला. बरं वाटलं.

उत्तरसरोवर
तीन आठवडे गायब होतो. काम झालं. सविस्तर लिहितो, कारण मराठीत हे कुठेच सापडलं नाही.

पिलर एका ओळखीच्या लेथवाल्याने ॲल्युमिनियमचे करून दिले. काकांचं खरं ठरलं, पुढचा आणि मागचा वेगळ्या लांबीचे निघाले. स्क्रूची भोकं पिलरच्या मापाला मोठी केली. रिकॉइल लगच्या मागे आणि ॲक्शनच्या पुढच्या-मागच्या बैठकीखाली पटाशीने दोन-अडीच मिलिमीटर लाकूड काढलं, म्हणजे इपॉक्सीला जाडी मिळते. कडेची वरची ओळ मात्र अजिबात मोडली नाही, बाहेरून तीच दिसते.

मग तयारी. खऱ्या कामापेक्षा हिला तिप्पट वेळ लागला. इपॉक्सी ॲक्शनच्या एखाद्या भोकात किंवा खाचेत शिरून कडक झाली तर ॲक्शन दस्त्यात कायमची कुलूपबंद होते. म्हणून चाप काढून ठेवला, प्रत्येक भोक, पिन, खाच मुलाच्या खेळण्यातल्या प्लॅस्टिसिनने भरली आणि ब्लेडने सपाट केली. रिकॉइल लगच्या पुढच्या, दोन्ही बाजूंच्या आणि खालच्या अंगाला टेपचे दोन थर दिले. मागच्या अंगाला टेप नाही. नंतर टेप काढली की त्या सगळ्या बाजूंना आपोआप फट राहते आणि मागची बाजू पूर्ण टेकते. नळीच्या पुढच्या भागावर टेपचे वेढे देऊन ती खाचेच्या बरोबर मध्ये आणि हव्या त्या उंचीला धरली. मग लोखंडाच्या प्रत्येक भागाला रंगहीन बूट पॉलिशचे तीन हात. लावायचं, वाळू द्यायचं, परत लावायचं. दस्त्याच्या बाहेरच्या बाजूला सगळीकडे टेप.

स्क्रूंऐवजी डोकी कापलेले लांब स्टड लावले, म्हणजे ॲक्शन सरळ खाली उतरते. पोलादाची पूड असलेली दोन भागांची इपॉक्सी हळू ढवळली, बुडबुडे नकोत. कोपऱ्यात आधी काडीने भरली, मग बाकीची ओतली, ॲक्शन बसवली. जी बाहेर आली ती लगेच कापसाच्या बोळ्याने पुसली. आवळली नाही! रबराच्या नळीचे दोन वेढे, फक्त जागेवर राहील एवढेच. काकांचं वाक्य खडूने भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

इथे एक चूक झाली. रात्री काम गॅरेजमध्ये केलं, तिथे पाच अंश. सकाळी उरलेल्या डब्यातली इपॉक्सी अजून चिकट. थंडीत ती सेट होत नाही हे पाकिटावर लिहिलेलंच होतं. सगळं उचलून उबदार तळघरात नेलं आणि तिथे आणखी पूर्ण दोन दिवस ठेवलं. हलवताना काही सरकलं असतं तर सगळं वाया होतं, तेवढा वेळ माझे हात थरथरत होते.

दोन दिवसांनी ॲक्शन निघेना. टेक्सासवासींनी फोनवर सांगितलं की थंडीत ठेवा, पोलाद आकसतं. डुलुथच्या फेब्रुवारीत त्यासाठी फ्रीजर लागत नाही. तासभर अंगणात ठेवली, आत आणून नळीखाली तळहाताने टोला दिला, टक् असा आवाज आला आणि ॲक्शन सुटली. खाली आरशासारखा ठसा. ॲक्शनवर कोरलेल्या बारीक रेघासुद्धा इपॉक्सीत उमटल्या होत्या.

बोल्टच्या दांडीची खाच किंचित मोठी करावी लागली, बंद होताना दांडी लाकडाला टेकत होती. कोरलेल्या, उघड्या पडलेल्या लाकडाला आतून व्हार्निशचे दोन हात दिले, नाहीतर पावसात ओल आत जाऊन लाकूड फुगेल. गालपट्टीसाठी सध्या फोमवर चामड्याची बांधायची पट्टी घेतली आहे.

मॅगझिनचा डबा आता किंचित खडखडतो. स्क्रू ६५ इंच-पाउंड. डायल: ०.०२ मिलिमीटर.

भोसरीचा_फिटर
०.०२! टूलरूममध्ये असता तर उस्तादांनी पाठीवर थाप मारली असती. एकच काम राहिलं. इपॉक्सीवर मार्किंग ब्लूचा पातळ हात देऊन ॲक्शन बसवा, काढा आणि ॲक्शनच्या तळाला निळा डाग कुठे-कुठे लागला त्याचा फोटो टाका. मला बघायचंय.

उत्तरसरोवर
काका, फोटो टाकला. पुढची बैठक पूर्ण निळी, मागे डावीकडे नखाएवढी जागा कोरी आहे.

भोसरीचा_फिटर
तो बुडबुडा असणार. सोडून द्या, भार पुढे आहे.

रंकाळा
आणि नेम? सगळे डायलवरच खूश झालात!

उत्तरसरोवर
एप्रिलच्या पहिल्या शनिवारी रेंजवर गेलो. मी मुद्दाम झाडली नाही. हे पुढचं तिनेच लिहायचं ठरलंय.

उत्तरसरोवर_सौ
नमस्कार. मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

जॅकेट घालूनच गेले. रायफल खांद्याला लावली आणि पहिल्यांदाच मान ताणावी लागली नाही, डोळ्यासमोर चित्र पूर्ण गोल होतं. आधीच्या दस्त्यात मी प्रत्येक वेळी रायफलशी झटापट करायचे आणि वाटायचं की आपल्यालाच जमत नाही. मला वर्षभर तसं वाटत होतं आणि मी ते यांना सांगितलंही नव्हतं.

१०० यार्ड, टेकूवरून, तीन गोळ्या. सव्वा इंच. मग नळी गार होऊ दिली आणि परत तीन, दीड इंच. उभी रेष नाही, छोटा त्रिकोण. बसून, टेकूशिवाय ५० यार्डांवर पाचपैकी चार जेवणाच्या कागदी ताटलीएवढ्या वर्तुळात, पाचवी चाप झटक्यात ओढल्यामुळे बाहेर. ती चूक माझी, दस्त्याची नाही.

रंकाळाताई, बसून झाडताना डाव्या हाताचं कोपर गुडघ्याच्या वाटीवर टेकवायचं की पुढे?

रंकाळा
वाटीवर नको, हाडावर हाड घसरतं. कोपराच्या वरचा मांसल भाग गुडघ्याच्या पुढे टेकवा. आणि गोळी न घालता कोरडा सराव रोज दहा मिनिटं, चेंबर रिकामं आहे हे दोघांनी बघून. मे महिन्यात परत लिहा, त्या पाचव्या गोळीबद्दल बोलू.